पाण्याला आधी कोण

आबा, तुम्हाला हसू येईल, पण पन्नाशीला टेकल्यावर मी जपानी शिकतोय. बिडकीनजवळच्या आमच्या कारखान्यात जपानी साहेब आलेत. भाषा जमली तर दुभाष्याचं काम, नाहीतर गोदामातली रात्रपाळी आहेच, आणि गुडघे आता गोदामाला नाही म्हणतात. मागच्या शनिवारी आमच्या शिकवणाऱ्या बाईंनी मला शहरातच राहणाऱ्या एका साहेबांकडे दोन दिवस मुक्कामाला धाडलं. साहेब, त्यांची बायको आणि म्हातारी आई. "ते काय सांगतात, त्यावर तुमचं ठरेल," बाई म्हणाल्या.

संध्याकाळी त्यांनी टँकरच्या पाण्यानं टब भरला. आधी बाहेर साबण लावून स्वच्छ व्हायचं, मग त्या गरम पाण्यात बसायचं. पाणी तेच, माणसं पाळीपाळीनं. साहेबांच्या बायकोनं माझ्या हातात टॉवेल दिला. "पाहुण्यांनी आधी." मी तो म्हाताऱ्या आईंपुढे धरला. "आधी आई." त्या वाकून मागं सरकल्या. मीही वाकलो. असं किती वेळ चाललं कोण जाणे. पाहुणा उतरल्याशिवाय घरातलं कुणीच उतरत नाही, हे मला माहीत नव्हतं.

मला तर दौलताबादच्या डोंगराखालचं तळं दिसत होतं. ऊन तापलंय, मी पाण्याकडे पळतोय आणि तुम्ही काठी आडवी घालताय. "थांब रं! आधी मुकी जनावरं, मंग म्हातारी माणसं, मंग तू. तहान तुला एकट्यालाच लागली व्हय?" मेंढरं सावकाश पितात आणि माझी जीभ टाळूला चिकटते. आजही कुणाला तरी आधी दिल्याशिवाय, निदान देवाला दाखवल्याशिवाय, मी पाणी तोंडाला लावत नाही.

इकडे जेवण निवत होतं. साहेब बायकोशी हळूच काही बोलले. त्यातलं "आवडलं नाही" एवढंच मला कळलं. त्यांच्या पाण्याचा मला विटाळ वाटतो, असं तर त्यांना वाटलं नसेल? होते नव्हते ते शब्द गोळा केले. "माझे वडील. मेंढ्या. बोलत नाहीत. त्या आधी. मग आई. मग मी."

म्हाताऱ्या आई माझ्याकडे निरखून बघत, मला कळेल असा एकेक शब्द सुटा करत म्हणाल्या, "या घरात धड बोलता येत नाही, असं कोण आहे?"

मी खाली मान घालून म्हणालो, "मी."

"मग मेंढरा, चल पाण्याला! आम्ही म्हातारी माणसं खोळंबलोय." साहेब तोंडावर हात धरून हसले. बायकोनं मला जवळजवळ ढकललंच.

कामाचं अजून काही कळलेलं नाही. हे पत्र मी कुठं धाडणार नाही. तुम्ही होतात तेव्हाही तुम्हाला वाचता येत नव्हतं, आलेली पत्रं मीच तर वाचून दाखवायचो. पण एक सांगायचं राहिलं. गळ्यापर्यंत पाण्यात बसलो आणि, आबा, बाहेर तिघं ताटकळत उभी आहेत हे ठाऊक असूनही लगेच उठावंसं वाटलं नाही.