भागुबाईंची मूठ आणि माझ्या दोन खोल्या

मी, एस्तेर दत्तू साळवे, वय त्रेपन्न, शिक्षण चौथी, धंदा भाकऱ्या करून विकणे, राहणार नाशिक, असं लिहून ठेवते की सोमवारी माझं पोटाचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणाले काळजी नको, म्हणूनच लिहायला बसले. डोकं ठिकाणावर आहे. कोणी जबरदस्ती केलेली नाही, करून बघावी.

१. चाळीतल्या दोन खोल्या माझ्या कमाईच्या, माझ्या नावावर आहेत. त्यांचं शेवटी लिहिते, आधी बाकीचं उरकते.

२. बँकेत असेल ते मुलगा ललित याला. त्यातून आधी माझ्या मातीचा खर्च करावा. पेटी साधी घ्यावी.

३. माझी पितळी परात जाऊ मनीषा हिच्याकडे आहे. नऊ वर्षांपूर्वी एका दिवसासाठी नेली. ती आता तिलाच दिली. पण मी दिली, हे चार लोकांत वाचून दाखवावं.

४. चर्चला काही नाही. कारण सांगते. सासूबाई भागुबाई सायखेड्याच्या. त्या विधवा झाल्या तेव्हा माझे मालक दोन वर्षांचे. तिथल्या बायकांना अर्पण टाकायला पैसा नव्हता, तो पुरुषांच्या खिशात. पीठ मात्र बायकांच्या हातात. म्हणून रोज भाकरीचं पीठ मळायच्या आधी प्रत्येकीने एक मूठ बाजूला काढायची आणि रविवारी चर्चला न्यायची. त्या अर्पणाचं नावच मूठ. ते पीठ, ज्या घरची चूल थंड, त्या घरी जायचं. तीन वर्षं सासूबाईंकडे आलं. मालक त्याच्यावर वाढले. आणि सासूबाई त्या आलेल्या पिठातूनसुद्धा मूठ काढायच्या. लग्नानंतर मी विचारलं, ‘अहो, तुमच्याकडेच तर परत येणार होतं ना?’ म्हणाल्या, ‘मग? मी मंडळीतली नाय का? आपली एक भाकर कमी झाली, तवा ती मूठ.’

आता आमच्या चर्चच्या कमिटीने ‘मूठ’ छापलेली पाकिटं काढलीत. आत नोटा, वर नाव, आणि ती नावं मोठ्याने वाचतात. मी उभी राहून बोलले. सेक्रेटरी म्हणाले, ‘मावशी, पिठाला उंदीर लागतात. शब्द तोच ठेवलाय ना?’ म्हटलं, ‘मग मांजर पाळा.’

तेव्हापासून माझी आणि आणखी पाच घरांची मूठ गोळा करून मी चाळीतल्या शकीलाला देते. तिचा नवरा गेला, पोरं तीन. धंद्याच्या पिठातली काढत नाही, ते गिऱ्हाइकाचं. मी गेल्यावर गोळा कोण करील, एवढाच घोर आहे.

५. आता खोल्या. ललित म्हणतो, ‘आई, मी महिन्याला पिठाची एक गोणी टाकतो शकीलाच्या दारात. विषय संपला.’ गोणी जरूर टाक बाबा, पोरं जेवतील. पण त्याने तुझी भाकरी कमी होत नाही.

सून सृष्टी हिच्याशी माझं सहा वर्षं पटलं नाही. पाकिटातलं पीठ आणते, वर माझी भाकरी जाड म्हणते. मागे तपासण्यांसाठी मी तीन आठवडे दवाखान्यात होते. परत आले तर शकीला म्हणाली, ‘मावशी, तीन इतवार झाले, एक पण खाडा नाय. तुमची बहू सहा घरचं पीठ देऊन गेली.’ सहावं घर आमचंच. सृष्टीला विचारलं तर म्हणते, ‘मला डाएट करायचंच होतं.’ काडीसारखी आहे, डाएट कसलं.

म्हणून दोन्ही खोल्या सृष्टीला, तिच्या एकटीच्या नावावर. ललितला ठेवायचं की नाही ते तिने बघावं.

वकील म्हणाले, ‘अट घालू का? मूठ बंद केली तर खोल्या परत.’ ऐकून मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. शकीलाची पोरं लहान आहेत. त्यांनी लिहिलंसुद्धा. मग म्हटलं, खोडा ते. घर जाईल म्हणून काढलेलं पीठ भागुबाईंनी मूठ म्हणून घेतलं नसतं. सृष्टीने काढली तर काढली. नाही काढली तरी खोल्या तिच्याच.

वरची खाडाखोड माझ्या सांगण्यावरून झाली आहे, तिथे माझी सही आहे.

ठिकाण: नाशिक
तारीख: १२ जुलै २०२४
सही: एस्तेर दत्तू साळवे

माझ्यासमोर बसून, चष्मा लावून सगळं वाचून, मग सही केलेले साक्षीदार:
१. धम्मपाल गांगुर्डे, शिंपी
२. निसार शेख, पिठाची गिरणी