फोमला जोर चालत नाही

पिंप्राळा, जळगाव
मंगळवार, ५ ऑगस्ट २०२५

तीर्थस्वरूप रुपचंदभाऊंना,

धाकट्या दिपमालाचा नमस्कार. सरिता वहिनींना नमस्कार, नवीनला आणि सूनबाई शीतलला आशीर्वाद. मी इकडे बरी आहे. रविवारी कोणाला न सांगता निघाले, तरी धुळ्याच्या स्टँडवर लगेच बस मिळाली. पारोळ्यापर्यंत उभी होते, पुढे जागा झाली. पाऊस तुमच्याकडे तसाच इकडे, नुसतं आभाळ भरून येतं. खुशाली एवढीच.

आता सांगा, मखराचा उजवा खांब कोणी कापला?

मला ठाऊक आहे कोणी कापला. तरी विचारते, कारण रविवारी कानबाईसमोर सगळे भाऊबंद बसलेले असताना तुम्ही याचं उत्तर दिलंत आणि ते धडधडीत खोटं दिलंत. फोन केला असता, पण फोनवर तुमचं आपलं "बरं बरं, गिऱ्हाईक आलंय" असतं. घरच्या ग्रुपवर लिहिलं तर नंदुरबारपर्यंतचे पाहुणे वाचत बसतील. पत्र मध्येच कापता येत नाही, म्हणून हे कुरिअरने पाठवतेय. उद्या दुपारी दुकानावर मिळेल. कूलरच्या पत्र्याखाली दाबून ठेवू नका, वाचा.

मी तुम्हाला माप विचारलं होतं. एकदा नाही, तीनदा. तुम्ही म्हणालात, "गेल्या वर्षीचंच धर, चौरंग तोच आहे." चौरंग तोच होता, भाऊ, पण जागा ती नव्हती. यंदा तुम्ही कानबाई नवीनच्या नव्या हॉलमध्ये बसवली, जिथे कोपऱ्यात भिंत पुढे आलेली आहे. मखर तिथे बसेना. चुकलं कोणाचं? नाचता येईना अंगण वाकडं, तसं तुम्ही मापाला सोडून खांबाला धरलंत. दुकानातून कटर आणलात, तोच, ज्याने कूलरचे पत्रे चिरता, आणि उजव्या खांबाची बाहेरची कड एका दमात ओढून काढलीत.

मी पोचले तेव्हा झेंडूच्या माळा लावणं चाललं होतं. मी लांबूनच ओळखलं. पांढऱ्या कडेला भगदाडं पडलेली, कागद उलटून आलेला, फोमचा चुरा चौरंगावर सांडलेला. कुत्र्याने चावलेल्या भाकरीसारखी ती कड दिसत होती. मी म्हटलं, द्या इकडे, पटकन सरळ करून देते. तुम्ही म्हणालात, राहू दे, फुलांनी झाकतो. वहिनींनी तिथे दुप्पट माळ सोडली.

आणि मग नशिराबादच्या पाहुण्यांनी विचारलं, यंदा खांब असा का? तेव्हा तुम्ही काय म्हणालात ते तुमच्याच शब्दांत लिहिते. "दिपाना हात आते पहिलासारखा नही ऱ्हायना. चाली जाई."

चालणार नाही. अजिबात चालणार नाही.

तुम्ही पत्रा कापता, भाऊ. पत्र्याला जोर लागतो आणि तुमच्या दंडात तो आहे, हे मी नाकारत नाही. पण फोम बोर्डाला जोर चालत नाही. तो वरून खालून कागद आणि मध्ये मऊ फोम, एवढाच असतो. त्यावर जोर लावला की पातं कापत नाही, फाडतं. आधी पात्याचं बोथट टोक मोडून टाकायचं, नवीन टोक घ्यायचं. पट्टी स्टीलची, आणि ती जो भाग ठेवायचा आहे त्याच्यावर ठेवायची, म्हणजे पातं घसरलं तर टाकायच्या तुकड्यावर घसरेल. पातं उभं धरायचं नाही, निजवायचं. पहिल्या हाताला फक्त वरचा कागद. दुसऱ्या हाताला फोम. तिसऱ्या हाताला खालचा कागद, आणि तोही हळू. मनगट हलवायचं नाही, सगळा हात खांद्यापासून मागे आणायचा. पात्याचा आवाज ऐकायचा. सर्रर्र येत असेल तर ठीक, करकर आली की थांबायचं आणि टोक पुन्हा मोडायचं. लोक पात्याची कंजुषी करतात आणि पंचवीस इंचांचा बोर्ड वाया घालवतात.

त्या मखरात एक टाचणी नव्हती, गोंदाचा ठिपका नव्हता. खाचेत खाच. खाच बोर्डाच्या जाडीएवढी, नखभरही सैल नाही. मागची जाळी कापताना मी पातं वळवलं नाही, बोर्ड वळवला, म्हणून एकही कोपरा पुढे गेला नाही. कमान वर बसवली की खांब आपसूक उभे राहतात. नवीनच्या गाडीत ते सपाट बांधून दिलं तेव्हा मी त्याला म्हटलं होतं, काही अडलं तर मला फोन कर, कोणी हात लावू नका. त्याने तुम्हाला सांगितलं असेलच. तुम्ही ऐकलं नसेल.

एवढ्यावर हा राग असता तर मी दोन दिवसांत विसरले असते. तुमच्याशी माझी भांडणं काय कमी झालीत?

पण त्याआधी सकाळचं ते झालं. परातीत गहू घेऊन इंदिराकाकू बसल्या होत्या. मी त्यांच्या शेजारीच पाट ओढून बसले, लहानपणी बसायची तशी. आपल्याकडची रीत मला कोणी शिकवायला नको. घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू, त्याच पिठाचे रोट, ते कानबाईला आणि मग फक्त भाऊबंदांनी खायचे, पौर्णिमेच्या आत संपवायचे. काकू मोठ्याने म्हणत होत्या, "रुपचंदनी मूठ. नवीननी मूठ." आणि तुम्ही दारातून हसत म्हणालात, "शीतलना पोटमा शे, त्यानीबी धर वं काकू."

शीतलला मी काही म्हणत नाही, तिचं बाळ सुखरूप येवो. पण जो अजून आला नाही, मुलगा आहे की मुलगी हे देवाला ठाऊक, त्याची मूठ धरली गेली. मी तिथेच बसले होते, जिवंत, केस पांढरे व्हायला लागलेली. मी विचारलं, "काकू, मन्ही मूठ?"

काकू तुमच्याकडे बघायला लागल्या. तुम्ही म्हणालात, "पोरीस्नी मूठ नही ऱ्हास. तुन्ही जामनेरले शे."

जामनेरला सासरी कोणी माझी मूठ धरली असेल असं तुम्हाला खरंच वाटतं का, भाऊ?

दुपारी मला वेगळं ताट वाढलं. पुरणपोळी, खीर, गंगाफळाची भाजी, सगळं. रोट नाही. पाहुणी म्हणून. आणि त्याच पाहुणीचा नवरा सुरतला कामाला गेलाय, म्हणून ती एकटी आली, असं तुम्ही सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. मला आधी कळवलंही नाहीत. नशिराबादच्या वहिनींनी मला विचारलं, सुरतेला पगार बरा आहे का. मी पाणी पीत होते, ठसका लागला.

आता हाताचं लिहिते. लिहायचं नव्हतं. पण तुम्ही तो चारचौघांत काढलात.

माझा हात पहिल्यासारखा राहिला नाही, हे खरं आहे. का राहिला नाही, हे त्या हॉलमध्ये दोनच माणसांना ठाऊक होतं. शिमग्याच्या आधी जामनेरला कॉलेजच्या मुली पुलाचं मॉडेल करायला घरी येत होत्या, त्यांच्याबरोबर दोन मुलगे होते. एवढंच. त्यांच्या देखत हे काही बोलले नाहीत. ती मुलं गेल्यावर यांनी माझं मनगट टेबलाच्या कडेवर ठेवलं आणि पिळलं. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. तुम्ही रात्रीतून गाडी काढून आलात, ते मी विसरलेले नाही. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं. मी तोंड उघडायच्या आत तुम्ही म्हणालात, "मोरीत पाय घसरला." तुमचा हात माझ्या खांद्यावर होता. मला वाटलं, हा हात मला घरी न्यायला ठेवलाय. बाहेर आल्यावर तुम्ही म्हणालात, झाकली मूठ सव्वा लाखाची, दिपे. आणि मला परत जामनेरला सोडलंत.

प्लास्टर निघाल्यावर मी माझी मी निघाले आणि इथे खोली घेतली. तुम्हाला सांगितलं, पिंप्राळ्यात कामं जास्त मिळतात. तुम्ही तेवढंच ऐकलंत. त्यापुढचं विचारलं नाहीत.

तर हा तो हात. याच्यात जोर नाही. डब्याचं झाकण उघडायला शेजारच्या बेबाबाईंना हाक मारावी लागते. पण पूर्वी मी दोन फेऱ्यांत बोर्ड कापायचे, घाई करायचे, कुठेतरी कड दबायची. आता मनगट दाबूच शकत नाही, म्हणून चार वेळा, पाच वेळा हलकं पातं फिरवते. भाऊ, माझी कड इतकी साफ कधीच नव्हती. मखराचा डावा खांब अजून असेल ना घरी? फुलं काढा आणि त्याच्यावरून बोट फिरवा. मग उजव्यावरून फिरवा. आणि मग सांगा कोणाचा हात बिघडलाय.

तुम्ही फाडलंत, ते माझ्या हातावर घातलंत. जामनेरवाल्यांनी मोडला, तो तुम्ही मोरीवर घातलात. तुम्हा सगळ्यांची अब्रू राखायला माझा एकच हात सापडतो का?

त्यात वहिनी भांडी विसळताना बोलून गेल्या की तुम्ही जामनेरला शब्द दिलाय, पौर्णिमा झाली की दिपाला आणून सोडतो. शब्द कोणाचा दिलात? माझा? माझ्या तोंडून तो निघालेला नाही. मी जामनेरला जाणार नाही. दिवाळीनंतरही नाही, चार माणसं बसवलीत तरी नाही. वकिलीणबाईंशी माझं बोलणं झालंय. लोकांना काय सांगायचं याची काळजी करू नका. सुरत-बिरत काही सांगू नका. सांगा, नवऱ्याने हात मोडला म्हणून ती निघून आली. हे वाक्य सरळ आहे, त्याला माळ लावावी लागत नाही.

रविवारी मी चप्पल घालत होते तेव्हा इंदिराकाकू मागच्या दाराने आल्या. पदरातून मूठभर गहू माझ्या पिशवीत टाकले. "हाई घे, तुन्ही मूठ. रुपचंदले सांगू नको." मला रडू आलं आणि रागही आला. माझी मूठ, तीसुद्धा मागच्या दाराने! काकूंना रागावू नका. त्यांनी नको म्हटलं होतं, तरी मी सांगतेय, कारण आता कोणाच्याच पदराखाली काही ठेवायचं नाही, असं मी ठरवलंय.

सोमवारी तुमच्याकडे कानबाई उठली. माझ्याकडे बसली. चुकीच्या दिवशी बसवली म्हणाल. म्हणा. उरलेल्या फोमच्या तुकड्यांचं लहानसं मखर कापलं, दोन खांब आणि एक कमान, आत नारळ, त्याला आईची नथ. गहू ताटात ओतले आणि माझ्या या उजव्या हाताने मूठ भरली. मनगट दुखलं, पण मूठ भरली. वरची पाव मूठ माझ्या डब्यातली घेतली. मोठ्याने म्हटलं, "दिपमालानी मूठ." खोलीत ऐकायला दुसरं कोणी नव्हतं. बेबाबाईंच्या जात्यावर दळलं, इवलेइवले रोट केले, कानबाईला दाखवले, आणि पहिला रोट मी खाल्ला. या घरातली कर्ती मीच, म्हणून मीच.

बाकीचे झाकून ठेवलेत. बेबाबाई पुष्कळ चांगल्या आहेत, पण त्यांना दिले नाहीत. रोट भाऊबंदांनीच खायचा असतो, ही रीत मी मोडलेली नाही. पौर्णिमा शनिवारी आहे, राखी त्याच दिवशी. दरवर्षी मी धुळ्याला येते. यंदा येणार नाही. राखी या पाकिटातही घातलेली नाही, ती इथेच मखरात ठेवलीय.

शुक्रवारपर्यंत तुमची वाट पाहीन. तुम्ही माझे भाऊबंद असाल तर पिंप्राळ्याला या, माझ्या मुठीचा रोट खा आणि मग राखी बांधून घ्या. येताना तो उजवा खांब घेऊन या, तुमच्या डोळ्यांदेखत त्याची कड सरळ करून देते. जामनेरवाल्यांना सोबत आणणार असाल तर येऊ नका. आणि नाहीच आलात, तर उरलेले रोट मी रीतीप्रमाणे जमिनीत पुरेन, आणि तुमच्या नावाने धाय मोकलून रडेन. पण एकदाच.

तुमच्याच आईबापाची लेक,
आणि आता आपल्या सव्वा मुठीची धनीण,
दिपमाला