गाईड कपाटावर आहे

१३ ऑगस्ट २००१, सोमवार
फॅक्टरीत नोटीस लागली. स्टोअरमधल्या सगळ्या मालाची नोंद आता कॉम्प्युटरवर, डेटाबेसमध्ये होणार. त्यासाठी नवा सेल. एक इनचार्ज, एसी खोली, फिरती खुर्ची. ऑक्टोबरच्या शेवटी टेस्ट, आमच्यातल्याच लोकांची. वाचतानाच कळलं, ही नोटीस माझ्यासाठी आहे. उभी हयात स्टोअरमध्ये गेली. डोळे मिटून हातात माल द्या, वजन सांगतो.
शकुला सांगितलं. म्हणाली, छान, पण कॉम्प्युटर येते काय तुम्हाला? बायकोला व्हिजन नाही.

१४ ऑगस्ट
अच्युतनेही नाव दिलं. मला पुष्कळ ज्युनियर. राहतो शेजारच्याच क्वार्टरमध्ये. मालाची कार्डं कशी भरायची ते याला मी शिकवलं. दुपारी हसू आलं. संध्याकाळी भूक लागली नाही.

१५ ऑगस्ट
झेंडावंदन. बुंदीच्या लायनीत अच्युतच्या हातात पुस्तक, डेटाबेस शिकायचं. न पाहिल्यासारखं करून नीट पाहिलं. एवढंसं. आरत्यांचं पुस्तक याहून जाड असतं. मन शांत झालं. बुंदी दोनदा घेतली.
संकल्प: मी घेईन तर संपूर्ण गाईड घेईन. जिच्यात सगळं आहे अशी. अख्ख्या जबलपुरात तिच्याहून जाड दुसरी असता कामा नये.

१९ ऑगस्ट, रविवार
इथल्या गोरखपूर बाजारातली तीन दुकानं पालथी घातली. पाच गाईडी पाहिल्या. एकीत चित्रं फार, एकीत अक्षर बारीक, एकीचा लेखक फोटोत हसतो आहे. गंभीर विषयाचा माणूस हसत नाही. दुकानदार म्हणाला, भाईसाहब, आपको सीखना क्या है, वो बताइए. म्हटलं, सब कुछ. तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.
निवड घाईने करायची नाही. अच्युतने घाई केली.

२५ ऑगस्ट
अच्युतकडे गणपती पाहायला गेलो. मखर थर्माकोलचं, चांगलं केलं आहे. फार चांगलं. त्याची बायको लतिका हिने पाटोडी दिली. शकुने तीनदा वाखाणली. घरी येताना मी म्हटलं, तिखट होती. शकु म्हणाली, मग चार काहून खाल्ल्या?
अच्युतच्या पुस्तकात खुणेची चिठ्ठी होती. अर्ध्याच्या पुढे. मखराऐवजी माझं लक्ष तिकडेच.

१ सप्टेंबर, शनिवार
घेतली. सोमवारपासून पितृपंधरवडा, मग खरेदी नाही, म्हणून आजच. दुकानातल्या सगळ्या गाईडी एकेक करून हातावर तोलल्या आणि सर्वांत जड ती उचलली. मागे सीडी चिकटवलेली आहे. आपल्याकडे कॉम्प्युटर नाही, पण सीडी आहे. अच्युतच्या पुस्तकाला सीडी नाही.
घरी पहिल्या पानावर लाल शाईने श्री काढून नाव लिहिलं. बंद केली. आज एवढं पुरे.

२ सप्टेंबर
गाईडला खाकी कव्हर घातलं. वर नाव टाकलं नाही, म्हणजे कोणती गाईड ते अच्युतला कळायला नको. कागद उरला. शकु म्हणाली, फोनच्या डिरेक्टरीलाही घाला नं, पावसात भिजून तिचं पुठ्ठं सुटलं आहे. घातलं. माझं कव्हर घालणं पाहण्यासारखं असतं. दोन्ही अगदी सारखी.
गाईड कपाटावर ठेवली. तिथे कोणी हात लावायचा नाही, असं शकुला बजावलं.

३ सप्टेंबर
पितृपंधरवडा लागला. यात नवी विद्या सुरू करणं बरं नाही. वडील गेले तेव्हापासून मी हे पाळतो. आधी पाळत नव्हतो, म्हणून मॅट्रिकला दुसऱ्यांदा बसावं लागलं.

१७ सप्टेंबर
विश्वकर्मा पूजा. साहेबांच्या केबिनमधल्या कॉम्प्युटरला हार घातला, कुंकू लावलं. आरतीचं तबक अच्युतच्या हातात. कोणी दिलं, कळलं नाही. मी कॉम्प्युटरला मनोभावे नमस्कार केला. ओळख झाली.
पितृपंधरवडा आज संपतो. उद्यापासून रोज पन्नास पानं.

१८ सप्टेंबर
यंदा अधिक महिना निघाला. आजपासूनच. पंचांग पुनःपुन्हा पाहिलं. अधिकात शुभारंभ होत नाही, हे मी ठरवलेलं नाही. आता थेट दसरा. विद्यारंभाला त्याहून चांगला दिवस नाही. दसरा शुक्रवारी, टेस्ट सोमवारी. मधले दिवस मला पुष्कळ आहेत.
अच्युत रोज वाचतो. पंचांग न पाळणाऱ्यांचं काय होतं ते बघू.

२३ सप्टेंबर, रविवार
आजचा दिवस सोन्याचा.
अच्युत आला. खूप वेळ कॉलनीच्या गणपतीच्या हिशोबाबद्दल बोलला, मग हळूच म्हणाला, भाऊ, माझं पुस्तक तर संपलं. दोनदा वाचून झालं. तुमच्याकडे मोठी गाईड आहे असं शकुवहिनी बोलल्या. दोन-चार दिवस मिळाली तर बरं होईल.
शकु बोलली. घर का भेदी.
आधी नाही म्हणणार होतो. मग डोक्यात वीज चमकली. आत गेलो. कपाटावरची गाईड काढली, फोनजवळची डिरेक्टरी आणली, पलंगावर शेजारी शेजारी ठेवली. तेवढ्यात शकुने चहाच्या कपांसाठी हाक मारली. कप देऊन परत आलो तर कुठली कोणती ते लक्षात येईना. आपल्याला काय फरक पडतो? अधिकात गाईड उघडायची नाही, म्हणून डोळे मिटून दोन्ही हातांत तोलली. स्टोअरचा माणूस आहे. जड ती गाईड, ती कपाटावर. हलकी ती डिरेक्टरी, ती अच्युतला.
तो दारात म्हणाला, भाऊ, हे कोणी करत नाही. म्हटलं, अरे, विद्या दिल्याने वाढते. आता वाच म्हणावं, कोणाकोणाचा फोन आहे ते.
उद्या परत घेऊन येईल. मी म्हणणार, अरेच्चा, चूक झाली. आणि गाईड तेवढ्यात सासुरवाडीला गेलेली असणार.

२६ सप्टेंबर
परत आणली नाही. उलट कॅन्टीनमध्ये सगळ्यांसमोर म्हणाला, टेबलं एकमेकांना जोडायचा भाग काय सोपा करून सांगितला आहे, भाऊ. डिरेक्टरीत टेबलं. माणूस इतकं धडधडीत खोटं कसं बोलतो? पुस्तक उघडलंही नाही आणि वाचल्याचा आव आणतो. अशा लोकांची मला कीव येते.

२ ऑक्टोबर
सुट्टी. सिहोऱ्याला सासुरवाडीने अधिक महिन्याच्या वाणाला बोलावलं. गाईड पिशवीत न ठेवता मांडीवर ठेवली, बसमध्ये लोक पाहत होते. शेजारच्याने विचारलं, रामायण है क्या? म्हटलं, कम्प्यूटर. तो सरकून बसला. सासूबाईंनी अनारसे दिले. गाईड त्यांच्या पलंगावर ठेवली होती, तर त्यांनी तिला पाय लागला म्हणून नमस्कार केला. संस्कार म्हणतात ते हेच.

८ ऑक्टोबर
शकुने विचारलं, डिरेक्टरी कपाटावर काहून ठेवता? म्हटलं, डिरेक्टरी अच्युतकडे आहे, कपाटावर गाईड आहे. ती माझ्याकडे बघत राहिली. तिच्या बहिणीच्या फोनांवरून मी मागे बोललो होतो, त्याचा राग अजून दिसतो.

१२ ऑक्टोबर
लतिका आली होती. म्हणाली, आमचे तर तुमची गाईड घेऊनच झोपतात, शालिग्रामभाऊजी. घरच्यांनाही फसवून राहिला. इतका पोकळ माणूस आणि लोक त्याला हुशार म्हणतात. साहेब त्याला नावाने हाक मारतात. मला अजूनही स्टोअरवाले म्हणतात. जळतो मी. लिहून टाकतो, इथे कोण वाचणार आहे?

१७ ऑक्टोबर
घट बसले. अभ्यासाचं टाइमटेबल केलं, तीन रंगांच्या शाईत. दसरा: अर्धी गाईड. शनिवार: उरलेली अर्धी. रविवार: उजळणी आणि विश्रांती.

२५ ऑक्टोबर, खंडेनवमी
गाईड पाटावर मांडली. हळदकुंकू वाहिलं, झेंडूची फुलं ठेवली. शेजारी शकुची विळी आणि माझा रूळ. पूजेत मांडलेलं पुस्तक आज उघडायचं नसतं. उघडायचा मोह फार झाला, पण आवरला. उद्या दुपारच्या मुहूर्तावर.

२६ ऑक्टोबर, दसरा. दुपार
आंघोळ करून सोवळं नेसून पाटासमोर बसलो. शकुला शेजारी बोलावलं. डोळे मिटले, सरस्वतीचं नाव घेतलं, मधूनच पान उघडलं, ओळीवर बोट ठेवलं, डोळे उघडले.
एक टायरवाला. बल्देवबाग. फोन नंबर.
खालची ओळ, दुसरा टायरवाला.
पान उलटलं. मग शकु म्हणाली, अहो, ही डिरेक्टरीच तर आहे. मी तर रोज स्टुलावर चढून यातूनच नंबर पाहून राहिली. मला वाटलं, ताईला फोन करते म्हणून तुम्ही लपवून ठेवली. आणि पूजेत मांडली, तर म्हटलं, असेल बाप्पा काही तुमच्या मनात.
माझ्या हाताचं वजन आजवर चुकलं नव्हतं. भिजलेला कागद जड होतो, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं.

त्याच दिवशी, संध्याकाळ
अच्युत सोनं द्यायला आला. आपट्याची पानं हातात देऊन वाकून नमस्कार केला. मग पिशवीतून गाईड काढली. खाकी कव्हर माझंच. आत पानोपानी पेन्सिलीच्या खुणा. सीडीपण साहेबांच्या कॉम्प्युटरवर लावून पाहिली म्हणे. म्हणाला, भाऊ, तुमचं तर पाठच असेल, म्हणूनच इतके दिवस ठेवली. तरी काही पाहायचं असेल तर बसू दोघं मिळून, मी सांगतो.
तो मला सांगणार. म्हटलं, नको, पाठ आहे.
गेल्यावर गाईड उघडली. पहिला अध्याय इंग्रजीत आहे. दुसराही.

२९ ऑक्टोबर
टेस्ट झाली. पहिल्या प्रश्नात विचारलं होतं, डेटाबेस म्हणजे काय. सविस्तर लिहिलं. बाकीचे प्रश्न सिलॅबसबाहेरचे असावेत. अच्युतने दोनदा जादा कागद मागितला. दोन्ही वेळा माझा पेन थांबला.

५ नोव्हेंबर, सोमवार
लिस्ट लागली. अच्युत. खाली वेटिंगमध्येही माझं नाव नाही.
साहेबांनी सगळ्यांना बोलावलं. अच्युतने खोव्याची जिलबी वाटली आणि भाषण केलं. म्हणाला, ज्याला स्वतःला टेस्ट द्यायची होती, त्या शालिग्रामभाऊंनी आपली गाईड उचलून माझ्या हातात दिली. असं मन कोणाचं असते आजकाल? लोकांनी टाळ्या वाजवल्या. साहेब म्हणाले, वाह शालिग्रामजी. पहिल्यांदाच नावाने. डोळ्यांत पाणी आलं. सगळ्यांना वाटलं, भरून आलं.
मग सेलचं पहिलं काम ठरलं. मालाची नोंद पुढे होईल, हात बसावा म्हणून आधी फॅक्टरीतल्या सगळ्या सेक्शनांचे, सगळ्या क्वार्टरांचे फोन नंबर डेटाबेसमध्ये घालायचे. अच्युतने मदतनीस म्हणून मला मागून घेतलं. उद्यापासून एसी खोलीत मी नंबर वाचायचे, तो टाइप करणार. फिरती खुर्ची एकच आहे.
घरी येऊन शकुला सांगितलं. तिने दसऱ्यापासून पाटावरच पडून असलेली डिरेक्टरी उचलली, कुंकू पुसलं, फोनजवळ ठेवली आणि म्हणाली, चला, पूजा फळाला आली.