सहावं फूल

लाडक्या आईला लीड्सहून झ्दिस्लावाचा गालावर पापा.

मी मजेत आहे. परीक्षेसाठी रोज वीस जडजड इंग्रजी शब्द पाठ करते, भूक तेवढी मेलीय. तुझा गुडघा कसा आहे?

काल माझ्या वाढदिवसाला, मी काम करते त्या वृद्धाश्रमातल्या हार्टली आजोबांनी मला ट्यूलिपची फुलं दिली. सहा, आई! आपल्याकडे थडग्यावर ठेवतात तशी सम संख्येत! मी घाबरून त्यांच्यादेखतच एक उपसून कचऱ्यात टाकलं. त्यांचा चेहराच पडला. म्हणाले, "आवडली नसतील तर राहू दे, पोरी."

पश्चात्ताप, अनुकंपा, कृतज्ञता, सगळ्याला इंग्रजी शब्द येतात मला. तोंडातून एक फुटेल तर शपथ. आज ते माझ्या हातून जेवले नाहीत.

बाबांना सांगू नकोस. आजोबांना काय म्हणू, तेवढं लिही. आपल्या चेक भाषेतच लिही, त्यांना कळलं नाही तरी मी तसंच वाचून दाखवीन.

तुझी वेंधळी,
झ्दिस्लावा