फिरोजी पट्टे

२३ नोव्हेंबर १९९७, रविवार

चिंधाला टेम्पोनं उडवलं! जिवावरचं हातावर निभावलं. उजवा हात प्लास्टरमध्ये, सायकलीची मात्र जिलबी झाली. आमच्या भिंतीला भिंत लागून राहणारा माणूस. बारा तास लूमवर उभा राहून घरी येत होता, काल सव्वासातला, आपल्याच क्रॉसिंगवर. आणि टेम्पोवाला काय म्हणतो? "दिखा ही नहीं!" म्हणजे चूक चिंधाची — दिसला का नाही!

रस्ता रुंद केला, दिवाळीत नवे दिवे लावले, सगळं चकाचक. पण माणसानं तो ओलांडायचा कसा, हे कुणी सांगेल का? ना गाड्या अडवायला बंप, ना पोलीस. गाड्या नुसत्या उडत येतात.

आमच्या हिनं, सुभद्रानं, ऐकलं आणि पोरीचाच घोर लावून घेतला. दिवाळीच्या सुट्टीनंतर नूतनची शाळा दुपारची झालीय. आठवीत आहे. सुटते पावणेसहाला, तोवर अंधारून येतं, आणि शाळा त्याच रस्त्याच्या पलीकडे. सुभद्रा म्हणाली, "आते बस्स. भटूले पत्र धाडस मी. येत्या रविवारी पोरीले लई जाई." भटू म्हणजे तिचा भाऊ. त्याच्या गावात शाळा सातवीपर्यंत! म्हणजे पोरीचं शिक्षण संपलंच की! मी ओरडलो. बराच ओरडलो. ती शांतपणे म्हणते, "ओरडीसन गाड्या थांबतीस का?"

शेवटी आठ दिवस मागून घेतले. रविवारपर्यंत रस्त्याचा बंदोबस्त करतो म्हणालो. कसा, ते देवाला माहीत. नूतन गणिताची वही उघडून बसली होती. तासाभरानं पाहिलं तर तेच पान.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

चाळीस माणसं घेऊन महापालिकेच्या झोन ऑफिसात गेलो! अर्धा दिवस खाडा. चिंधा गळ्यात हात अडकवून सगळ्यांत पुढे. पायी जाणारे, सायकलवाले, दोन म्हाताऱ्या, सगळ्यांनी साहेबाला घेरलं. साहेब भला माणूस दिसला, पण म्हणाला, "मेन रोड पर बम्प ना बने, भाई." मग सिग्नल द्या. सिग्नलची फाईल वर गेलीय. वर म्हणजे कुठे? तर हात वर केला. पंख्याकडे!

मी टेबलावर मूठ आपटली. त्याच्या चहाची बशी उडाली. गल्लीतल्या दत्तूनं मला मागे ओढलं.

परत येताना डोक्यात तेच एक वाक्य. दिखा ही नहीं. दिखा ही नहीं. आणि भेस्तानच्या फाट्यावर लख्खकन् डोक्यात उजेड पडला! अरे हिलाल, तू कोण? चौदा वर्षं डाईंग मिलच्या लॅबमध्ये शेड मॅचिंग करणारा माणूस! लोकांना रंग दिसायला लावणं हाच तर तुझा धंदा! माणसं दिसत नाहीत ना? मी दिसवतो!

झोप कसली येतेय आता.

२६ नोव्हेंबर, बुधवार

मास्तरांनी हो म्हटलं! मिलचा कलर मास्तर म्हणजे जमदग्नी, पण आज मूड चांगला. लॉटमधून बाद झालेल्या साड्यांच्या चिंध्या पडल्या आहेत, त्या घे म्हणाले, रंग आपलाच वापर. प्रत्येकाला एक पट्टा शिवायचा, खांद्यावरून कमरेपर्यंत तिरपा, पोलिसासारखा. चालणाऱ्यानं घालायचा, सायकलवाल्यानं घालायचा.

रंग ठरला — फिरोजी! निळ्या-हिरव्यामधली, माझी स्वतःची शेड. या सीझनला रिंग रोडच्या मार्केटात तीच धावतेय. ट्रक लाल, टेम्पो पिवळे, रिक्षा काळ्या-पिवळ्या. रस्त्यावर फिरोजी काय असतं? काहीच नाही! म्हणजे जे फिरोजी दिसेल ते माणूस!

सुभद्रा म्हणाली, "हयदीसारखा पिवळा करा ना. माले तर तोच लांबून दिसस." मी म्हणालो, हळदीचा रंग लग्नात शोभतो, रस्त्यावर नाही. ती पुन्हा म्हणाली. मग माझं डोकं सटकलं. रंगातलं मला शिकवतेस? चौदा वर्षं मी काय गवत उपटतोय? ताट सरकवून उठलो.

तशी ती चटकन गप्प होते, हे एक बरं आहे.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

काय रंग उतरलाय! मशीनमधून कापड बाहेर आलं आणि हेल्पर पोरं बघत उभी राहिली. ट्यूबखाली पाहिला — पास. बाहेर उन्हात नेला — पास! दोन उजेडांत बघितल्याशिवाय शेड सोडायची नाही, हा आपला नियम. दुकानात ट्यूबलाईट असते, घरी ऊन असतं. दोन्हीकडे साडी तीच दिसली पाहिजे. डोळ्यांत भरतो नुसता! मास्तर म्हणाले, "हिलाल, साडीला पण असा दे जरा." मी दिवसभर हवेत.

२९ नोव्हेंबर, शनिवार

घराचा कारखाना झालाय. सुभद्रा फॉल-बिडिंगची मशीन थांबवतच नाही. शेजारच्या सरलाबाई कापतात, ही शिवते, नूतन दोरे तोडते. साठ पट्टे झाले! गल्ली कशी वरातीला निघाल्यासारखी. चिंधानं प्लास्टरवरून पट्टा घातला तर बायकांनी त्याला नवरदेव नवरदेव म्हणून पिडलं. तो म्हणतो, "भो, नवरी दखाडा, मंग हसा!" त्याची बायको आतून लाटणं घेऊन आली.

नूतननं घातला आणि आरशासमोर चार गिरक्या मारल्या. "पप्पा, मी सोमवारी शाळेत जाणार ना?" जाणार म्हणजे? जाणारच! बापाचा रंग आहे अंगावर!

३० नोव्हेंबर, रविवार

विजय! विजय! सकाळी दहाला साठ माणसं पट्टे घालून क्रॉसिंगवर उभी राहिली आणि एका दमात रस्ता ओलांडला! ट्रक थांबले! एक सरदारजी ड्रायव्हर खाली उतरून विचारतो, "किस पार्टी के हो भाई?" मी म्हणालो, पैदल पार्टी! हसत गेला. सहा वेळा इकडून तिकडे गेलो. म्हाताऱ्यासुद्धा. काही कारण नसताना!

भटू सकाळच्या गाडीनं आला होता, पोरीला न्यायला. त्यानंही हे पाहिलं. त्याला म्हणालो, खा, पी, आणि एकटाच परत जा. सुभद्राकडे पाहिलं. ती म्हणाली, "तुम्ही म्हणतस ते खरं." बस, एवढंच ऐकायचं होतं मला! भटू संध्याकाळी एकटाच गेला. जाताना एक पट्टा मागून घेतला, बैलाच्या शिंगाला बांधायला म्हणे. बावळट.

१ डिसेंबर, सोमवार

नूतन गेली आणि आली! सहा वाजून बारा मिनिटांनी घरात, सुभद्रानं सांगितलं. माझी ड्यूटी रात्री आठपर्यंत, आणि मिल रस्त्याच्या अलीकडे, त्यामुळे मला बघायला मिळालं नाही. पण काय फरक पडतो!

३ डिसेंबर, बुधवार

भेस्तानचे लोक लॅबच्या दारात! वीस पट्टे पाहिजेत. मी म्हणालो, चाळीस घ्या. मिलमध्ये आता मला 'पट्टेवाला' म्हणतात. म्हणू देत. झोनच्या साहेबाला जाऊन सांगावंसं वाटतंय — तुझी फाईल राहू दे पंख्याला लटकलेली, आमचं काम झालं!

रात्री जेवताना सुभद्राला म्हणालो, काय मग, हळद का फिरोजी? ती हसली आणि भाकरी वाढली. दमलेली दिसते. शिवण फार झालं तिला.

५ डिसेंबर, शुक्रवार

लिहू नये असं वाटतंय. तरी लिहितो.

बॉयलर बंद पडला, पाचला सुट्टी. म्हटलं चला, आपला पराक्रम डोळ्यांनी बघू. सहाला क्रॉसिंगवर जाऊन उभा राहिलो. अंधार पडत आलेला, वरचे नवे दिवे लागलेले. पिवळे. ते मोठे, नारिंगीसारखे पिवळे दिवे. पलीकडून माणसं येत होती. मला वाटलं, अरे, आज कुणीच पट्टा घातला नाही! राग आला. दत्तू समोर आला, त्याला खडसावणार, तर त्याच्या अंगावर पट्टा. मातकट. काळपट. चिखलात पडलेल्या फडक्यासारखा. त्याच्या मागचा माणूस, तसाच. सगळे तसेच!

ट्यूबखाली पास, उन्हात पास. पण या दिव्याखाली साडी कोण बघतं? कधी कुणी बघितलीय? मीही नाही बघितली! चौदा वर्षं! पिवळ्या दिव्यात फिरोजी मरतो. हे मला कळायला हवं होतं, शिकाऊ पोरालासुद्धा कळलं असतं.

समोरून एक बाई आणि एक पोरगी हात धरून येत होत्या. मध्येच ट्रक आला, बाईनं हात वर केला, ट्रक करकचून थांबला. पोरगी "पप्पा!" म्हणाली तेव्हा कळलं. दहा पावलांवर होती. माझी नूतन, माझ्याच रंगात, आणि मला दिसली नाही. सोबत सुभद्रा होती, भाजीला आले होते म्हणाली. नशीब माझं, नेमकी आजच आली!

६ डिसेंबर, शनिवार

सकाळी गल्लीत सगळ्यांना गोळा केलं आणि सांगून टाकलं. माझी चूक. पट्टे काढा. वाटलं होतं, चपला खाव्या लागतील. एकेकानं घरातून पट्टा आणून माझ्यासमोर ठेवला. चिंधा जमिनीकडे बघत म्हणाला, "चुकी व्हस भो, व्हस. रंगच त्यो." भेस्तानला सायकल मारत गेलो, तिथल्यांनाही सांगितलं.

आता घाई. सहा शेडचे तुकडे रंगवून घेतलेत.

७ डिसेंबर, रविवार

संध्याकाळी दिव्याच्या खांबाखाली लॅब मांडली! सहा तुकडे दोरीवर, मी शंभर पावलं लांब, नूतन एकेक वर करतेय. हिरवा — गेला. जांभळा — गेला. राणी — तपकिरी. आणि मग तिनं लिंबू-पिवळा वर केला आणि मी भर रस्त्यात ओरडलो! पेटला होता नुसता! सुभद्राचा पिवळा! तिला सांगितलं, तू जिंकलीस. ती म्हणाली, "जिंकानं काय त्यात." पण खूश होती. कानापर्यंत हसली!

१० डिसेंबर, बुधवार

शंभर पट्टे पिवळे! मध्ये पांढरी पट्टीसुद्धा, सरलाबाईंची आयडिया. दोन दिवस लवकर निघायची परवानगी काढून रोज क्रॉसिंगवर उभा राहतो. लांबून माणसं झेंडूच्या माळेसारखी दिसतात. ट्रक आधीपासूनच हळू होतात, माझ्या डोळ्यांनी पाहिलं! झोनचा साहेब स्वतः येऊन गेला. तासभर उभा राहून माणसं मोजली, सायकली मोजल्या, लिहून घेतलं. सहा ते आठ एक पोलीस देतो म्हणाला. जाताना पट्टा मागितला. दिला! चहाची बशी माफ!

१२ डिसेंबर, शुक्रवार

नूतनला गणितात पंचवीसपैकी तेवीस. पेढे आणले.

१४ डिसेंबर, रविवार

नूतन केस विंचरता विंचरता म्हणाली, "आता आई नाही येत घ्यायला, एकटीला मज्जा येते." मी विचारलं, आई कधी येत होती? "रोज की! फिरोजी होता तेव्हा. पहिल्या दिवशीच म्हणाली, हा दिसत नाही. रोज हात धरून न्यायची. पप्पांना सांगू नको म्हणाली. सगळ्यांनाच माहीत होतं, पप्पा."

सुभद्राला विचारलं, मला का नाही सांगितलंस? ती भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "ट्रकपुढे हात करणं सोपं होतं."