भुकटीची मानसपूजा

गंगापूर रोड, नाशिक
१५ ऑक्टोबर २००१

चि. तृप्तीस, मामाचे उदंड आशीर्वाद.

तुझे पत्र सुवर्णामामीला वाचून दाखवले. सोडियम-अ‍ॅल्युमिनियमची ती भुकटी तापली की हायड्रोजन सोडते, पण परत घेताना हटून बसते. आणि डिसेंबरपर्यंत ती वळली नाही, तर फेलोशिप संपून तू घरी. मामी म्हणाली, विरजण कमी पडलं असेल. तू चिमूटभर टायटॅनियम घालतेस ते विरजणच की! उद्या या भुकटीतल्या हायड्रोजनवर मोटारी धावतील तेव्हा मामीचे नाव विसरू नकोस.

तू येणार म्हणून ती तुझ्या खोलीतले कांदे हलवायला निघाली होती. मी हलवू दिले नाहीत. तू आलीस तर आनंदच, पण अशी हरून नको.

नवमीला यंत्राची पूजा चुकवू नकोस. मखमलाबादच्या मळ्यातल्या झेंडूच्या पाकळ्या सोबत आहेत. तीर्थ शिंपडताना कंजुषी नको.

लोभ आहेच, विरजणापुरता तरी राखून ठेव.
तुझा धनराजमामा

चेन्नई
२९ ऑक्टोबर २००१

ती. मामांस, शि. सा. न. वि. वि.

कंजुषी केली नाही. भुकटी दळायचं पोलादी भांडं, आतल्या भुकटीसकट, साग्रसंगीत पुजलं : ओलं गंध, पाकळ्या, पळीभर तीर्थ. मग पुसून, हवा शिरत नाही त्या काचपेटीत नेऊन उघडलं. झाकणाच्या खाचेत एक थेंब दडून बसला होता. या भुकटीला पाणी मुळीच सोसत नाही. फुस्स झालं, पेटीभर धूर, आणि महिन्याचं काम गेलं.

माझे मार्गदर्शक सर रागावले नाहीत, तेच जास्त लागलं. त्यांनी एवढंच विचारलं, की देवाने पाणी मागितलं होतं का. आता उरल्या मालात एकदाच भुकटी होईल.

मामींना सांगा, विरजण बरोबर होतं. दुधातच पाणी पडलं.

रागावले आहे, पण तुमचीच,
तृप्ती

नाशिक
६ नोव्हेंबर २००१

चि. तृप्तीस आशीर्वाद, या खेपेस कोरडेच.

तुझे पत्र वाचून दाखवताच मामी म्हणाली ते असे, की चुलीत पाणी ओतून वर मंत्र म्हटला तर भाकरी भाजते का, हे तुमच्या संस्कृतात कुठे लिहिलंय? इतकी वर्षे संस्कृत शिकवले, पण अशी वेळ माझ्यावर शाळा तपासणीतही आली नव्हती.

पण शास्त्रात मानसपूजा सांगितली आहे, ती बहुधा तुझ्या भुकटीसाठीच. मनानेच स्नान, मनानेच फूल, मनानेच नैवेद्य. थेंब सांडत नाही. भांडे उघडशील तो दिवस कळव, आम्ही इथून करू. मामी मनातली पुरणपोळी देवापुढे ठेवायला तयार आहे. मला ताटात खरी लागेल, हे मी आधीच सांगून ठेवले आहे.

भांडे उघडण्याआधी घटकाभर नुसती बस. घाई देवालाही नाही. आणि कांदे अजून तुझ्याच खोलीत आहेत. मी ते हलवणार नाही, यावरून काय ते समज.

लोभाला झाकण लावू नये.
तुझा मामा

चेन्नई
८ डिसेंबर २००१

ती. मामा-मामींस, शि. सा. न. वि. वि.

काल भुकटीने हायड्रोजन सोडला आणि रात्रीत परत घेतला. आज पुन्हा सोडला, पुन्हा घेतला. सरांनी तक्ता दोनदा पाहिला आणि विचारलं, की या वेळी पूजा केली नाहीस ना. मी म्हटलं, केली, नाशिकहून. फेलोशिप पुढे चालू राहणार.

संक्रांतीला रजेवर येते. मनातल्या पोळीवर भागणार नाही, मामींना सांगा.

आता मात्र कांदे हलवा.

तुमची,
तृप्ती