सासूबाईंनी गुंडाळलेलं ऑम्लेट

पिंप्राळा, जळगाव
१२ जानेवारी २०२५

प्रिय अक्का,

नमस्कार. दीपनगरला थंडी कशी आहे? भाऊजींचा खोकला थांबला का? इकडे सगळे बरे. फोन सोडून पत्र का, ते पुढे कळेल. आधी बातमी ऐक. आमच्या घरी अंडं शिजलं, आणि ते सासूबाईंनी शिजवलं.

डॉक्टरीणबाईंनी मला रोज अंडं खायला सांगितलंय. एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिनं असतात म्हणे. पण कांदा घातलेल्या ऑम्लेटच्या वासानेच मला मळमळायचं. वरच्या मजल्यावरची मोहिनी नवऱ्याच्या नोकरीमुळे जपानात राहून आलीय. ती म्हणाली, "तिकडच्यासारखं गुंडाळून कर. त्यात कांदाच नसतो."

सासूबाई तर अंड्याचं नाव काढलं की तोंड फिरवणाऱ्या. मी मोहिनीकडे निघाले, तर म्हणाल्या, "दुसराना घर कसाले जास? मांगे वट्टावर कर. मी देखस."

मागच्या ओट्यावर दोन अंडी फेटली. चिमूटभर मीठ, किंचित साखर, आणि जपानी रश्श्याऐवजी वरणाचं वरचं पाणी. तव्यावर पातळ थर ओतायचा, ओलसर असतानाच गुंडाळून कडेला सारायचा. पुन्हा तेलाचं बोट, पुन्हा थर. गुंडाळी जरा उचलून तिच्याखालीही तो ओघळू द्यायचा, मग त्यावरच गुंडाळत यायचं. माझं दोनदा फाटलं. सासूबाईंनी नाकाला पदर लावला आणि उलथनं माझ्या हातातून घेतलं.

"अळूनी वडी कधी गुंडाळी नही का तू?"

अशी घट्ट गुंडाळली, अक्का, की कापल्यावर आत पिवळे पदर दिसले. कच्चं खायचं नाही म्हणून झाकण ठेवून पुरतं शिजवलं. मी सगळं खाल्लं आणि पोटात राहिलं. सासूबाईंनी लगेच आंघोळ केली. दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनीच विचारलं, "अंडा शेतस ना?" अंडी आहेत ना, म्हणून.

तू ओळखलं असशील. पाचवा लागलाय. फोनवर सांगायला गेले आणि हवापाण्याचं बोलून ठेवला. मागच्या वेळी मी दवाखान्यातून रिकाम्या हातांनी आल्यावर, तू शिवलेली झबली गुपचूप पिशवीत घालून परत नेलीस. मी झोपले नव्हते. तुला सांगायचं म्हटलं की तीच पिशवी डोळ्यांपुढे यायची.

पण परवा सोनोग्राफीत ठोके ऐकले. भराभर, घोडा पळावा तसे. बाळ नीट आहे, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आता गप्प बसवत नाही गं.

झबली ठेवली असशील, तर घेऊन ये.

आम्हां दोघांचा तुला नमस्कार.

रूपा